सामाईक भिंत

पूर्वी माणसं आवाजाभोवती बसत. आता आवाज माणसांभोवती बसतो. हा फरक वाटतो तितका लहान नाही. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं. तेव्हापासून आमच्या हिंगणघाटच्या कितीतरी घरांत रेडिओला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता. फळीवर तो आणि खाली सतरंजीवर सारं घर! माझ्या लहानपणीही ही बैठक मोडली नव्हती. बातम्या चालू असता कुणी कुजबुजलं, तर वडील नुसतं बोट वर करीत. एका तोंडाकडे दहा कान लागलेले असत.

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी पाच स्पीकर आणि एक घुमणारा ठोकळा घरी आणला. तिघांनी समोरून बोलायचं, दोघांनी पाठीमागून. कल्पना काही आजची नव्हे. वॉल्ट डिस्ने यांचा ‘फॅन्टेशिया’ १९४० साली निघाला, तेव्हाच प्रेक्षकांना चहूकडून आवाजाने वेढण्याची व्यवस्था झाली होती. पण ती इतकी खर्चाची, की मोजक्याच चित्रपटगृहांत पोहोचली. आमच्या घरापर्यंत यायला तिला ऐंशीहून अधिक वर्षं लागली!

सोबतच्या कागदावर आकृती होती. ऐकणाऱ्याच्या नाकासमोरची रेघ शून्य अंश धरायची. पुढचे दोन स्पीकर ३० अंशांवर, मागचे दोन सुमारे ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे आणि कानांहून हातभर उंच. कोनांचं आमच्या गावाला वावडं नाही. १८०२ साली मद्रासजवळ पहिली रेघ आखून, त्रिकोणांमागून त्रिकोण जुळवीत हिंदुस्थान मोजायला निघालेला विल्यम लॅम्टन १८२३च्या जानेवारीत इथंच वारला. त्याची कबर गावात आहे. त्याचं कोन मोजण्याचं यंत्र अर्ध्या टनाचं. माझ्यापाशी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक. दोरी ताणली, कोन घेतले. डावा स्पीकर बाहेरच्या भिंतीवर आला. उजवा नेमका सामाईक भिंतीवर!

ही भिंत वडिलांच्या वेळी नव्हती. ते गेल्यावर वाटणी झाली आणि बैठकीच्या खोलीच्या मधोमध साडेचार इंचांची वीट उभी राहिली. पलीकडे दादा. रेडिओ माझ्याकडे आला, वडिलांची हत्यारपेटी दादाकडे गेली. भांडण म्हणावं असं काही झालं नाही; बोलणंच हळूहळू आटलं. दोन वर्षांत पलीकडून फोडणीचा वास तेवढा येत राहिला. माझ्या कादंबऱ्यांत मी असल्या भिंती पुष्कळ बांधल्या आणि पाडल्या आहेत. पण त्या शाईच्या. पाडायला एक प्रकरण पुरतं.

मुलगा म्हणाला, “बाबा, स्टँडवर ठेवू ना. मोठ्या बाबांना कशाला विचारायचं?”

सोपं होतं. पण स्टँड आणायचा म्हणजे दादाला विचारण्यासारखं आता काही उरलं नाही, हे मान्य करायचं. ते मला जमेना. मी चपला घातल्या आणि त्याच्या दाराशी गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, आत गेला, आणि वडिलांची पाणसळ घेऊन बाहेर आला.

“बिना पाणसळीचंच ठोकून राहिला होता काय?” एवढंच म्हणाला.

साडेचार इंचांच्या भिंतीत भोक पाडणं नाजूक काम. ते विटांच्या सांध्यात घ्यायचं नाही. सांधा भुसभुशीत असला की गिट्टी धरत नाही. विटेच्या पोटात घ्यायचं. ड्रिलच्या बिटाला दोन इंचांवर चिकटपट्टी लावून आम्ही खूण केली. मी अलीकडून ड्रिल चालवीत होतो आणि दादा पलीकडे जाऊन भिंतीला तळहात लावून उभा होता.

“थांब,” भिंतीतून आवाज आला. “आता पुरे.”

गिट्टी बसली, स्क्रू आवळला, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येऊन स्थिरावला.

मग यंत्राला प्रत्येक स्पीकरचं अंतर सांगायचं होतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. तेव्हा चार मीटरवरून निघालेला आवाज दोन मीटरवरच्यापेक्षा सेकंदाचा सहा हजारांश भाग उशिरा पोहोचतो. म्हणून यंत्र जवळच्याला तेवढा वेळ थोपवून धरतं. जवळच्याने जरा थांबायचं, म्हणजे लांबचाही बरोबरीने येतो. इतकी वर्षं मुलांना गणित शिकवतो आहे, पण हा नियम मला कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही सिनेमा लावला. पात्रांचं बोलणं बहुतेक समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतं; मागच्यांच्या वाट्याला पाऊस, वारा, टाळ्या, लांबची गर्दी. सकाळी वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग दादा.

“रात्री त्रास नाही ना झाला?” मी विचारलं.

“त्रास कायचा? माझ्या घरात नुसता पाऊसच पडून राहिला होता. गोष्ट काय होती, ते काही समजलं नाही.” त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि सतरंजीवर बसत म्हणाला, “आज काय लावून राहिला?”