तुकडे टाकू नकोस

३० मे २०२२, सोमवार. दुपारी चार वाजून गेले आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या ऑफिसच्या खिडक्यांबाहेर अंधारून आलं. दिल्लीत राहून आंधीची सवय झालेली असते, पण ही तसली नव्हती. सफदरजंगच्या वेधशाळेत ताशी १०० किलोमीटर वेगाची नोंद झाली. जामा मशिदीच्या मधल्या घुमटाचा कळस त्याच संध्याकाळी मोडला.

करोलबागेत घरी पोचले तेव्हा बरसातीचं, म्हणजे गच्चीवरच्या खोलीचं, अर्धं छप्पर उडालेलं होतं. अकरा सिमेंटचे पत्रे फुटले होते. आईचं शिलाई मशीन, कपड्यांचं कपाट, गाद्या, सगळं चिंब. आई गच्चीवर तुकडे गोळा करत होती, सकाळी कबाडीवाल्याला द्यायला.

बाबांचे जुने स्नेही विमा सर्व्हेअर होते, आता निवृत्त. त्यांना फोन केला. काका पहिलं वाक्य बोलले ते असं : "तुकडे टाकू नकोस. एकही नाही. आणि आहे तसे फोटो काढ."

घराचा विमा होता, दावा केला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, पंधरा-वीस मिनिटं थांबला. महिन्याभरात पत्र आलं : पत्रे जुने, झिजलेले, वादळाचं नुकसान फक्त तीन पत्र्यांचं. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला रडू आलं. ज्या छपराखाली आई परवापर्यंत दुपारी शिवत बसायची, ते आधीच मोडकं होतं म्हणे!

माझी मामेबहीण डॅलसला असते. तिकडे गारपिटीनं छप्पर गेलं की घरमालकाच्या बाजूनं कंपनीशी बोलणारा परवानाधारक माणूस मिळतो. टेक्ससमध्ये विम्याच्या मिळालेल्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त फी त्याला घेता येत नाही. आपल्याकडे असा परवानाच नाही. सर्व्हेअरला परवाना विमा नियामकाचा असतो, त्यानं तटस्थ राहावं अशी अपेक्षाही असते. पण त्याला नेमते कंपनी आणि त्याची फी देते तीच. घरमालकाच्या बाजूनं छपराकडे बघणारं कोणी नसतं, आणि हे मला आजही बोचतं.

माझ्या नशिबानं काका होते. ऑफिसच्या रस्त्यावरच नवं महाराष्ट्र सदन. तिथे जेवायला भेटलो. ताटं बाजूला सरकवून काकांनी पॉलिसी उघडली. भारत गृह रक्षा, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते ती. बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लावली. वादळ : आहे. झीज : वगळलेली. आणि पुढे, इमारतीचा विमा असेल तर घरातलं सामान आपोआप धरलेलं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख. आईच्या मशीनचा दावा मी केलाच नव्हता. एजंटनं कधी सांगितलंही नव्हतं.

रविवारी काका गच्चीवर आले. सत्तरी ओलांडलेला माणूस उन्हात उकिडवा बसून पोत्यातला एकेक तुकडा हातात घेत होता. "ही कड बघ. आतून फिकट, स्वच्छ. हा त्या दिवशीचा. आणि हा?" दुसऱ्या तुकड्याच्या चिरेत काळी माती भरली होती, शेवाळ वाळलं होतं. "हा जुना. हा आपण मागायचा नाही." अकरापैकी दोन पत्रे त्यांनी स्वतःहून वेगळे काढले. मग जे-बोल्ट दाखवले. सगळे एकाच बाजूला वाकलेले. गंजून सुटलेला बोल्ट असा वाकत नाही.

कंपनीला पत्र मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलं. नऊ पत्रे, भिजलेलं सामान, फोटो, हवामान खात्याची नोंद, मिस्त्रीचं कोटेशन, सर्व्हे रिपोर्टच्या प्रतीची मागणी आणि पुन्हा पाहणीची विनंती. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अखेरचा शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये प्रदीप कुमार खटल्यात म्हटलंय. तेही काकांनी घालायला लावलं. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर असफ अली रोडवर विमा लोकपालाकडे जायचं ठरलं होतं. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही.

जावं लागलं नाही. दुसरा सर्व्हेअर आला, तासभर थांबला, तुकडे पाहिले. दोन पत्रे आम्हीच सोडलेत हे वाचून त्यानं मान वर करून काकांकडे पाहिलं. नऊही पत्र्यांचे पैसे मिळाले, मशीनचे आणि कपाटाचे मिळाले. गाद्यांचे नाही, त्यांचे फोटो मी काढलेच नव्हते.

काकांनी पैसे घेतले नाहीत. आईनं शिवलेली कापडी पिशवी तेवढी घेतली. नवे पत्रे बसताना मात्र ते शिडीशी उभे होते. "बोल्ट फार आवळू नको रे, सिमेंटचा पत्रा चिरतो," असं मिस्त्रीला बजावत. काम संपल्यावर मला म्हणाले, "आता फोटो काढ. आजचा, धडधाकट छपराचा. आईलाही उभी कर त्यात."