डकोटाच्या टाकीतलं पेट्रोल

सदर, नागपूर
रविवार सकाळ

चि. छकुलीस,


परवा हवाई दलातल्या निवडीचा निकाल सांगताना तुझा आवाज पडलेला होता. ‘मामा, फ्लाइंग नाही, टेक्निकल मिळालं. म्हणजे मी जमिनीवरच,’ एवढं म्हणालीस आणि फोन आईकडे दिलास. मला तेव्हा काही सुचलं नाही. दोन रात्री तेच डोक्यात आहे, म्हणून आज लिहायला बसलो.

तुझ्या खोलीत भिंतीवर आपल्या मराठी हवाई दलप्रमुखांचे फोटो आहेत. टिपणीस, चौधरी आणि आपल्या नागपुरात जन्मलेले प्रदीप नाईक. त्या सगळ्यांच्या आधीचे, हृषीकेश मुळगावकर, तिथे नाहीत. मला तुला त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

मुळगावकर मुंबईचे, जन्म १९२० चा. ३० नोव्हेंबर १९४० ला, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांना कमिशन मिळालं. चार वापिटी विमानांनिशी हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहून तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती. पुढे दुसऱ्या महायुद्धातली बर्माची आघाडी आली. खाली गर्द जंगल, पावसाळ्यात चिखल झालेल्या धावपट्ट्या आणि समोर जपानी सैन्य. हे त्यांचं पहिलं युद्ध. राज्य इंग्रजांचं होतं, हुकूमही त्यांचाच. तरुण वैमानिकाने विमान न्यायचं, काम करायचं आणि परत यायचं.

दुसरं युद्ध ते संपल्यावर दोन-अडीच वर्षांतच आलं, काश्मीरचं. देश आपला, पण हवाई दलाची फाळणी नुकतीच झालेली. स्क्वाड्रन वाटल्या गेल्या, माणसं वाटली गेली, सुटे भाग तिकडे तर यंत्रं इकडे. आणि मुळगावकर आता विंग कमांडर होते, जम्मू-काश्मीरमधल्या ऑपरेशनल विंगचे प्रमुख. स्वतः उडायचं ते होतंच, शिवाय दुसऱ्यांना उडवायचं होतं. कोणतं विमान उद्या उभं राहील, कोणतं नाही, बॉम्ब कुठून येणार, इंधन किती उरलंय, हा हिशेब आता त्यांच्या डोक्यावर होता. त्या मोहिमेसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं.

त्या युद्धातली एक गोष्ट मी हवाई दलात तंत्रज्ञाच्या ट्रेनिंगला असताना ऐकली आणि ती माझ्या मनातून कधी गेली नाही. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस स्पिटफायर श्रीनगरला उतरल्या तेव्हा तिथे लढाऊ विमानांसाठी इंधनाचा साठाच नव्हता. सैनिक घेऊन येणाऱ्या डकोटांच्या टाक्यांतून पेट्रोल काढलं आणि ते स्पिटफायरमध्ये भरलं. परत जायला डकोटाला किती लागेल, तेवढं ठेवून बाकीचं काढायचं. हा अंदाज कुणीतरी टाकीवर वाकून, थंडीत, बोटं बधिर झालेली असताना घेतला असणार. त्या माणसाचं नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. पण त्याचा अंदाज चुकला असता तर डकोटा वाटेतच पडलं असतं.

आता माझी एक गोष्ट. आईला सांगू नकोस. नोकरीच्या सुरुवातीला, एका तळावर, शिफ्ट संपताना माझ्या टूल-बोर्डावरची एक जागा रिकामी दिसली. दहा नंबरचा पाना. बोर्डावर पान्याची लाल रंगाची आकृती असते ना, ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी वरिष्ठांना सांगितलं. विमान थांबवलं, पॅनेल उघडली, बारा जण टॉर्च घेऊन चार तास शोधत होते. पाना इंजिनाच्या मागच्या बाजूला, कंट्रोल रॉडजवळ सापडला. सकाळी तेच विमान गेलं. उडण्याआधी वैमानिकाने विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, फॉर्म ७०० वर, सही केली आणि वर आमच्या सह्या आहेत की नाहीत एवढंच पाहिलं. पाना कुठे होता ते त्याने विचारलं नाही. तो आमच्या सहीवर जीव सोपवून उडाला.

पुढे वायुसेनानगरला बदली झाली. सदरहून सेमिनरी हिल्स ओलांडून सायकलने जायचो. तिथे मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. हे मुख्यालय पूर्वी कानपूरला होतं, तेव्हा हरजिंदर सिंग त्याचे प्रमुख होते. ते इंजिनीअर असून हवाई सिपाही म्हणून भरती झाले आणि एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाले. त्यांचा आणि मुळगावकरांचा फोटो तुला पाठवतो. शेजारी-शेजारी लाव.

मुळगावकर १ फेब्रुवारी १९७६ ला हवाई दलप्रमुख झाले आणि ऑगस्ट १९७८ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या काळातच खोलवर मारा करणाऱ्या नव्या विमानाचा शोध जग्वारपर्यंत आला. निवड वैमानिकांच्या अनुभवातून होते खरी, पण मग ते विमान तीस-चाळीस वर्षं उडतं ठेवायचं काम जमिनीवरच्यांचं असतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये मुळगावकर गेले, वय चौऱ्याण्णव.

बाळा, तू ‘जमिनीवरच’ म्हणालीस त्याचं मला वाईट वाटलं, रागही आला, कारण माझी सगळी नोकरी तिथेच झाली आणि मला ती कधी कमी वाटली नाही. तुझं मन मोडलंय हेही कळतं. लहानपणी सोनेगावकडे जाणारं विमान दिसलं की गच्चीवर पळायचीस. ती हौस सोडायला मी सांगत नाही.

दुंडिगलला रुजू होण्याआधी दोन दिवस इकडे ये. माझा जुना टूल-बॉक्स अजून पलंगाखाली आहे, तो दहा नंबरचा पाना सोडून सगळा. तो पाना मला त्या तळावरच्या वॉरंट ऑफिसरने निवृत्तीच्या दिवशी वेगळा, कापडात गुंडाळून दिला होता. तो पाना तुला द्यायचाय.

तुझा
मामा