आंब

हरभरा घाट्यावर आला की आजी दिवेलागणीला आजोबांचं जुनं धोतर पिकावर अंथरून यायची. पहाटे दवानं चिंब झालेलं ते धोतर पिळलं की निघायची ती आंब. जीभ झिणझिणेल इतकी आंबट. ठेवायची चिनी मातीच्या बरणीत. एकदा तांब्यात ओतायला गेलो तर आजी ओरडली, "पितळ खाती ती!" आणि पोट दुखलं की तीच पाण्यातून पाजायची. डाल्याखालच्या कोंबड्या पातळ हगायला लागल्या की त्यांच्याही पाण्यात चार थेंब पडत. मापाला आजीची जीभ. मानमोडी आली की मात्र आंब, हळद, कांदा, सगळं हरायचं. आठवड्यात खुराडं रिकामं. तेव्हाचं सगळं चांगलं, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

आता झरीच्या शिवारात त्याच वावराच्या कडेला पुतण्याची शेड आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं; जागा, वीज, पाणी आणि झोपमोड आपली. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोंच्या वर जातो. आजीचं पिल्लू तेवढ्यात जेमतेम उकिरडा उकरायला शिकायचं.

टाकीजवळ ॲसिडिफायरचा कॅन असतो. झाकण काढलं की वास थेट मेंदूत. त्यात फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगीच्या डंखातलं, आणि प्रोपिऑनिक. आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक; भाऊबंदच सगळे. पुतण्या टाकीत कागदाची पट्टी बुडवून रंग बघतो. कोवळ्या पिल्लाच्या पोटात स्वतःचं आम्ल कमी, त्यात खाद्यातला चुना तेही मारतो. बाहेरचं आम्ल ती उणीव भरतं. शिवाय ते साल्मोनेलासारख्या जंतूच्या पोटात शिरून तिथं फुटतं. आतलं आंबट बाहेर लोटता लोटता जंतू दमून जातो. लासोटा ही मानमोडीची लस पाजायच्या दिवशी मात्र कॅन बंद, कारण आंबट पाण्यात लसच मरते. त्या दिवशी पाण्यात दुधाची पावडर. मानमोडी आवरली ती या लसीनं, आमच्या बरणीनं नव्हे.

मधल्या काळात वाढीसाठी खाद्यातच अँटिबायोटिक मिसळायची चाल होती. जंतू त्याला सरावले, तसा धोका माणसांपर्यंत आला. युरोपनं १ जानेवारी २००६ पासून ती चाल बंद केली. आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. मग आंबटाचा भाव वधारला.

"काका, लोखंडी बादलीत नका ओतू, खातं ते," पुतण्या परवा म्हणाला. मला हसू आलं. त्याला कारण कळलं नाही.

शेडमधून निघालो तर बांधापलीकडे हरभरा घाट्यावर आलेला. चालताना पायजमा दवानं ओला झाला. सवयीनं बोट पानावरून फिरवून तोंडाकडे नेलं आणि आठवलं, कालच घाटेअळीची फवारणी झालीय. बोट धोतराला पुसायचं, तर धोतर तरी कुठंय, पायजम्यालाच पुसलं.