अठरा घरांचं एकच गहाणखत

वाईत आम्ही कृष्णेच्या घाटालगतच्या एका वाड्यात भाड्यानं राहायचो. स्वतःचं घर बांधायचं तर आमच्या पगारावर एकट्याला कर्ज मिळणं कठीण. म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आम्ही 18 कुटुंबांनी गृहनिर्माण संस्था काढली. त्यात शाळामास्तर होते, एसटीचे ड्रायव्हर होते, हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी होते आणि मराठी विश्वकोशाच्या कचेरीतले दोघं. 1960च्या सहकार कायद्याला 10 सभासद पुरत. जमिनीच्या किमतीला मात्र पुरत नव्हते!

मुंबईत गावदेवीला तळमकी नावाच्या गृहस्थांच्या पुढाकारानं सारस्वतांची सोसायटी 1915 सालीच उभी राहिली होती. पण तिथं ज्ञातीचा धागा होता. आमच्यात तसलं काही नव्हतं, त्यामुळे विश्वास ठेवायचा तो वहीवरच. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, वाळू-सिमेंट एकत्र आणलं, गवंडी एकच ठेवला. कोपऱ्याच्या प्लॉटवरून दोघांचं बोलणं बंद झालं, तेवढं सोडून द्या.

खरी गोष्ट कर्जाची. ते संस्थेच्या नावावर, आणि गहाण पडलेली जमीन सगळ्यांची. एकाचा हप्ता थकला, तर भरायचा उरलेल्यांनी. जानेवारी 1982मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे एक सभासद गिरणीत होते, बायको-मुलं इथं. तीन हप्ते थकल्यावर सभा बोलावली. उपविधींवर बोट ठेवून नोटीस काढा म्हणणारे बरेच होते, आणि मला त्यांचं अगदीच चूक वाटत नव्हतं. ओढाताण प्रत्येकाचीच चालली होती.

त्या सभासदाच्या पत्नी, आमच्या वहिनी, सभेला आल्या. हिशेबाची वही पुढं ठेवून चेअरमनना म्हणाल्या, "भावजी, माफी नको. मुदत द्या."

मुदत द्यायची म्हणजे कुणीतरी पदरचे घालायचे. बायकांच्या भिशीतून ते निघाले. वहिनी हळद निवडायला पेढीवर जाऊ लागल्या. गिरणी काही सुरू झाली नाही. नवरा गावी परतला आणि शेतावर राबू लागला. भिशीची शेवटची रक्कम त्यांनी फेडली तेव्हा आमचं सगळ्यांचं कर्जही संपत आलं होतं.

आता बिल्डर येतात. गेल्या सर्वसाधारण सभेत जागा विकसनाला द्यायचा ठराव आला. विरोधात सर्वांत आधी हात वर केला तो वहिनींच्याच सुनेनं. ठराव दोन मतांनी पडला. माझ्या मुलाचं मत ठरावाच्या बाजूनं होतं.