सिसिलियनपुढे आम्ही

घरी बुद्धिबळ शिकलेल्या माणसाची सुरुवात ठरलेली असते. राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे, समोरच्यानेही तेच, मग घोडा, मग उंट, मग कॅसलिंग. आमच्या वडीलधाऱ्यांच्या देशी बुद्धिबळात तर बहुतेक ठिकाणी प्यादे एकेकच घर चालायचे. अशा आम्हा हौशी मंडळींसमोर कंग्राळीतली आजची मुले ई-४ ला सी-५ खेळतात आणि वर सांगतात, "काका, हा सिसिलियन हाय!"

हा बचाव एवढा लोकप्रिय का, ते पटावर पाहिले की कळते. सी-५ चे प्यादे डी-४ या घरावर नजर ठेवते. आपण तिथे प्यादे नेले की काळा आपले बाजूचे प्यादे देऊन आपले मधले घेतो. सौदा त्याच्या फायद्याचा! नेहमीच्या सवयीने उंट सी-४ ला आणावा, तर तो ई-६ खेळून उंटाची वाट अडवतो आणि पुढे डी-५ करून त्याला मागे हटवतो. विद्यार्थी मित्रांनो, तुमची ती लाडकी चार चालींची मातसुद्धा इथे चालत नाही.

मग पुस्तके पाहावीत, तर त्यात नायडॉर्फ, ड्रॅगन अशा शाखांच्या उपशाखा. बेळगावात दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या बसने परतणाऱ्याने हे केव्हा पाठ करायचे? शहरात क्लासला जाणारी मुले पंधरा-पंधरा चाली पाठ करून येतात. आपली मुले त्यांच्यापुढे दहाव्या चालीतच अडकतात आणि एक-दोन स्पर्धांनंतर पट गुंडाळून ठेवतात, याचे आम्हाला खरे दुःख वाटते. म्हणूनच पालक विचारतात, "क्लास लावायलाच हवा काय?"

एवढ्यासाठी तरी नको, असे आमचे मत आहे. दुसऱ्या चालीला सी-३ खेळावे. याला अलापिन म्हणतात. हेतू साधा: डी-४ ला प्यादे न्यायचे आणि काळ्याने ते मारले तर प्याद्यानेच परत मारायचे. म्हणजे मधली जागा आपल्याकडे राहते. ही पळवाट आहे असे कुणी म्हणेल, तर त्याला १० फेब्रुवारी १९९६ चा फिलाडेल्फियातला डाव दाखवावा. जगज्जेत्या कास्पारोव्हच्या सिसिलियनसमोर डीप ब्लू या संगणकाने सी-३ च खेळले आणि ३७ चालींत डाव जिंकला. (पुढे सामना मात्र कास्पारोव्हने ४-२ असा जिंकला.)

फुकट काहीच मिळत नाही. सी-३ चे घर प्याद्याने अडवल्यामुळे वजिराकडच्या घोड्याला त्याची हक्काची जागा राहत नाही. म्हणून काळा लगेच डी-५ खेळतो, आपण ते प्यादे मारतो आणि तो वजिराने परत मारतो. एरवी घोडा सी-३ ला आणून त्या वजिराला हुसकावता आले असते. आता येत नाही. तरीही पटावर काय चालले आहे ते आपल्याला समजत असते, आणि आमच्या मते पाठ केलेल्या पंधरा चालींपेक्षा ते मोलाचे आहे.

आमच्या बाल प्रतिस्पर्ध्यांनी हल्ली दुसरेच उत्तर काढले आहे: घोडा एफ-६. आपण प्यादे ई-५ ला ढकलले की तो डी-५ वर ठाण मांडून बसतो. तिथून त्याला उठवायला डी-४ नंतर आपला जुना उंट सी-४ ला येतो, घोडा बी-६ ला जाऊन उलट उंटावरच चाल करतो आणि उंट बी-३ ला सरकतो. इथून पुढे कोणाचे चांगले, यावर सध्या दर रविवारी दुपारी घमासान चालू आहे.