स्वाती बघू, मग पेव काढू



कीर्तनकाराला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक मुलीच्या लग्नाचा आणि दुसरा पावसाचा. लग्नाचे काहीतरी सांगता येते. पावसाला मी आयुष्यभर 'पांडुरंगाला ठाऊक' म्हणत आलो. आता आवाज गेला, कीर्तन सुटले, प्रश्न काही सुटला नाही. 2023 च्या कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात बसलो होतो. एका तरुण माळकऱ्याने पाया पडून फोनच पुढे धरला. "महाराज, थंडीत तरी पाऊस हाय का बघा की."

त्या वर्षी अख्ख्या देशाचा ऑगस्ट कोरडा गेला होता. 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट नव्हता म्हणे. दिवाळीच्या आधीच सरकारने राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या शेजारचे सांगोला, माढा, करमाळा त्यात होते. तो पोरगा सांगत होता, तिकडे पॅसिफिक महासागराचे पाणी तापले की आपला पाऊस हटतो, त्याला एल निनो म्हणतात. मी ऐकून घेतले. आमचे पंचांग नक्षत्राचे वाहन सांगते, बेडूक की गाढव. हवामान खाते शक्यता सांगते. शक्यता ऐकून घ्यावी, पण शक्यतेवर तिफण चालत नाही. तिला ओल लागते.

कोकणातल्या आणि विदर्भातल्या माळकऱ्यांना आमच्याकडचा हिशेब थोडा सांगावा लागेल. मंगळवेढ्याची काळी जमीन म्हणजे ज्वारीचे कोठार. आषाढीला तुम्ही भिजत याल, पण आमचे रान बहुधा तहानलेलेच असते. आमचा खरा पाऊस उत्तरा आणि हस्ताचा. तो या काळ्या मातीत खोल मुरतो आणि त्या साठ्यावर शाळू पेरायचा. पुढे वर पाणी नसले तरी मालदांडी ओलीवर आणि थंडीवर तगते. जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपे घालून त्या बुजवायच्या, म्हणजे खालची ओल उडत नाही. कार्तिकीला निघताना पीक गुडघ्याला लागले आणि माघीला हुरडा खाऊन निघालो, की वर्ष साधले.

थंडीतल्या पावसाचेही एकच एक नाही. स्वातीत पडला तर अमृत. बंगालच्या उपसागरात वादळ उठून उशिरा आला, दाणा भरलेला असला, तर ताटे लोळतात, कणीस काळे पडते. म्हणून 'पाऊस येऊ दे' एवढेच मागणे अपुरे आहे, हे मी त्या पोराला सांगितले. तो हसला. मग म्हणाला, "महाराज, दामाजीपंतांचं सांगा की काहीतरी. दुष्काळाचं."

तेव्हा मी विषय बदलला. का बदलला, ते आज लिहितो.

1972 चे साल. आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत शिकून मी नुकताच गावी आलो होतो. वय बावीस, आवाज चढा, ओव्या पाठ. हस्त कोरडा गेला होता, चित्रा चालू होते. अर्धे गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होते. सुकडी मिळे, रेशनला अमेरिकेची लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापताना बायका रडकुंडीला येत. आश्विनातल्या एकादशीला मी त्या कामावरच्या पालांपुढे कीर्तन केले आणि दामाजीपंतांचे चरित्र लावले. महिपतींच्या भक्तविजयात आहे ते. बेदरच्या बादशहाचे कोठार पंतांनी भुकेल्यांना खुले केले आणि विठ्ठलाने विठू महार होऊन ते धान्य फेडले. मंगळवेढ्याच्या मातीत ही कथा सांगायला कौशल्य लागत नाही. लोक ढसढसा रडले. मीही रडलो.

कीर्तन संपल्यावर आमच्याच आळीतली एक म्हातारी जवळ आली. तिच्या घरी दोन नातवंडे. हळूच म्हणाली, "बाळ, तुमच्या घरचं पेव कवा काढायचं?"

आमच्या पांढरीत पेव होते. दोन सालची जुनी ज्वारी, वर कडबा, माती, तोंड लिंपलेले. गावात सगळ्यांना माहीत होते, मीच विसरलो होतो. घरी आल्यावर वडिलांपुढे विषय काढला. ते म्हणाले, "स्वाती बघू, मग पेव काढू. पाऊस झाला तर बी लागंल." त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. नऊ माणसे, चार बैल आणि वर कोरडे आभाळ. पण मला त्या उत्तराने सुटल्यासारखे वाटले, हे खरे. रोज सकाळी पूर्वेकडे बघायचो आणि म्हातारीला सांगायचो, "स्वाती बघतोय, आजी."

स्वाती गेली. विशाखाही गेले. पेव निघाले ते पौषात. दिवसभर तोंड उघडे ठेवून आतली कोंदट हवा जाऊ दिली, मग गडी उतरला. वडिलांनी गावाला धान्य दिले, पण सवाईने. वही मी लिहिली, अक्षर चांगले म्हणून. म्हातारीच्या नावावर आठ पायल्या. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, ते मी कीर्तनात सांगत असे. आणि इथे मी नवीन खत लिहीत होतो.

1973 ला पाऊस बरा झाला. पुढच्या फाल्गुनात खळे झाल्यावर म्हातारी दोन खेपांत दहा पायल्या डोक्यावरून घेऊन आली. आठ आणि सवाईच्या दोन. मापून मीच घेतल्या. तिने पदर सारखा केला आणि विचारले, "बरोबर हाय न्हवं, बाळ?" मी हो म्हटले.

त्यानंतर ते चरित्र मी कित्येक वर्षे सांगितले. लोक रडत. मी आजीचे नाव घेतले नाही, दोन पायल्यांचे तर नाहीच. वडील गेल्यावर वही सापडली, तोवर आजीही गेली होती, नातवंडे पुण्याकडे पोटाला लागली होती.

2024 चा उन्हाळा कठीण गेला. उजनी उणेत गेली. त्याच्या आधी, माघात, गावच्या सप्ताहात मंडळींनी मला दोन शब्द बोलायला उभे केले. मी दामाजीपंत सांगितले आणि पुढे सवाईही सांगितली, वहीसकट. पहिल्यांदाच. मागून एकाने विचारले, "मग महाराज, त्या दोन पायल्या परत केल्या का?"

नाही, असे मी सांगितले. घरी आल्यावर सुनेला म्हटले, कोठीत ज्वारी किती आहे ते बघ. ती म्हणाली, चार महिन्यांची आहे. शेजारच्या घरी किती आहे, ते मात्र तिला ठाऊक नव्हते. ती विचारून आली.