दहा खोडांचे पाणी

रावेरच्या माणसाला उन्हाचे भय कोणी घालू नये. वैशाखात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे सहज जातो आणि केळीच्या बागेला झळ लागू नये म्हणून आम्ही कडेने शेवरी लावतो. त्यामुळे "मे महिन्यात दुबईला? भाजून निघाल!" असे मुंबईच्या एका स्नेह्याने म्हटले, तेव्हा मला हसू आले. मास्तरला सुट्टी मेमध्येच मिळते. शिवाय भाचा तिथल्या एका बड्या हॉटेलात नोकरीला असल्यामुळे सवलतीत तीन रात्रींपुरती खोली मिळणार होती. निघताना बहिणीने कळण्याचे पीठ दिले, शेव दिली आणि "त्याला एकदा विचारून ये" एवढे चार शब्द दिले. काय विचारायचे ते तिने सांगितले नाही. मेहुणे गेल्यापासून केळीची बाग ती एकटी सांभाळते आहे.

वाचकहो, हॉटेलातले गालिचे आणि झुंबरे मी गाळतो. ती तुम्ही सिनेमात पाहिलेली आहेत. सत्ताविसाव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा दिसे. तो 2010 साली खुला झाला. त्याच्याकडे पाहताना मला आठवत होते ते एवढेच की, 1966 पर्यंत या गावात आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेला रुपया चालत असे आणि त्याच साली इथे तेल सापडले. माणसाच्या एका आयुष्यात गावाचे असे व्हावे!

पण मी थबकलो तो न्हाणीघरात. तिथे संगमरवरी टब होता. "किती पाणी मावते रे यात?" मी भाच्याला विचारले. तो तळघरात पंपांवर आणि वातानुकूलनाच्या यंत्रांवर असतो; त्याला लिटरांतच बोलायची सवय. "दोनशेच्या आसपास, मामा."

उन्हाळ्यात केळीच्या एका खोडाला ठिबकने दिवसाला 15-20 लिटर पाणी लागते. म्हणजे माझ्या एका आंघोळीत दहा खोडांचा दिवस गेला. शिकवणाऱ्याला हिशेब सुटत नाही. आंघोळ झाली, पण बूच काढायला हात होईना. शेवटी त्याच पाण्यात मी दोन सदरे आणि एक लेंगा धुऊन घेतला. (धुलाईच्या दरांचे कार्ड टेबलावर होते, ते वाचल्यावर पश्चात्ताप अजिबात झाला नाही.)

हे पाणी येते कुठून? गावाला नदी नाही. वर्षाचा पाऊस जेमतेम तीन-चार इंच. 16 एप्रिल 2024 ला एका दिवसात वर्षाहून जास्त कोसळला, तेव्हा विमानतळही पाण्यात गेला. पण तो अपवाद. भाच्याने समजावून सांगितले : समुद्राचे पाणी ओढायचे, तापवून त्याची वाफ करायची किंवा बारीक पडद्यातून जोराने ढकलायचे, मीठ मागे राहते, गोडे पाणी नळाला येते. त्यासाठी ऊर्जा बेसुमार जाळावी लागते. वापरलेले पाणीही शुद्ध करून झाडांना घालतात. खाली हिरवळ दिसत होती, तिचे गुपित हे.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर केळी मांडलेली. मी प्रत्येकीवरची चिकटपट्टी उलटून पाहिली. एकही आपली निघाली नाही. पण 2021 च्या जूनमध्ये आमच्या तालुक्यातल्या तांदलवाडीची 22 टन केळी दुबईला गेली होती, भौगोलिक मानांकनाच्या शिक्क्यासकट. ते मानांकन जळगावच्या केळीला 2016 साली मिळाले. केळे म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच. इथले लोक समुद्र उकळून पाणी करतात, आणि आम्ही आमच्या पोटातले पाणी पेट्यांत भरून त्यांना पाठवतो. हा सौदा कोणाला परवडतो, हे मी त्या टेबलावर बराच वेळ मांडून पाहत होतो. वाढप्याने तीनदा चहा विचारला.

शेवटच्या रात्री भाचा पाळी संपवून वर आला. खुर्चीवर न बसता तो दाराशीच उभा राहिला. पाहुण्यांच्या खोलीत बसायची त्याला सवय नव्हती. मी हात धरून बसवले. विचारायचे ते मी विचारणार, तोच त्याने विचारले, "मामा, आपल्या ट्यूबवेलला पाणी किती फुटांवर आहे आता?"

"सहाशेवर. तेही मेमध्ये दमते. तुझ्या आजोबांच्या विहिरीला साठावर होते."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईने पिलबाग ठेवली का?"

"अर्धी."

"अर्धीच ठेवा म्हणावे. पाऊस कसा होतो बघू. दिवाळीपर्यंत सांगतो."

पाऊस यंदा बरा झाला. सुकी नदी दोनदा दुथडी भरून गेली, ट्यूबवेलचे पाणी चाळीस फूट वर आले. हे मी त्याला कळवले आहे. बहीण रोज संध्याकाळी बागेतून परतली की फोन उशाशी ठेवते, आणि घड कापणीला आलेले असूनही तिने अजून व्यापाऱ्याला बोलावलेले नाही.